मुदतीच्या आत

1875 सालच्या मे महिन्याच्या 12 तारखेला सुपे गावात आसपासच्या खेड्यांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढा, ही त्यांची मागणी. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही सावकारांची घरंही पेटली, पण सगळा रोख होता तो कागदांवर. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तिथे पेटलेला दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पोचला आणि इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदला गेला.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा बाजार बसला होता, शेतसारा वाढला होता, सावकारांनी हात आखडता घेतला होता. ही कारणं आपण शाळेत शिकलो. पण त्यांच्या जोडीला कायद्यातलंही एक कारण होतं. 1859 साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्यावर दावा लावायचा तर तीन वर्षांच्या आत, असं ठरलं. वर्षानुवर्षं व्याज साचत राहू नये, हा हेतू कुळाच्या भल्याचाच होता. सावकारांनी तो उलटा फिरवला. तीन वर्षं भरत आली की कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून नवं मुद्दल धरायचं आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचं. अंगठा उठवणाऱ्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. कायदा कुळासाठी केलेला, मुदत मात्र सावकाराला पाठ.

दंग्यांची चौकशी झाली आणि 1879 मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता हिशेबाच्या मुळाशी जावं, शेतकऱ्याचा रोखा गावनिबंधकासमोर व्हावा, दाव्याआधी सलोख्याचा प्रयत्न व्हावा, अशा त्यातल्या तरतुदी. आणखी एक तरतूद आजच्या वकिलांनी मुद्दाम वाचावी अशी आहे : शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलाला उभं राहायला सर्वसाधारणपणे मनाई होती. वकील म्हणजे खर्च, आणि तो परवडणार बहुधा समोरच्यालाच, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

आता अंगठ्याच्या जागी सही आली, सही करणाऱ्याच्या हातात मोबाइल आला, सातबारा त्या मोबाइलवर आला. तरी मुदत अजूनही एकाच बाजूला पाठ असते. बारामती आणि इंदापूरच्या वकिलांनी स्वतःचा पॉडकास्ट का काढावा, याचं खरं उत्तर या जुन्या गोष्टीतच आहे. नाव व्हावं, पक्षकार वाढावेत ही कारणं त्याच्या पुढे फिकी आहेत. शिवाय त्यांना नियमांचीही आडकाठी आहे.

दिवसांचे आकडे

या दोन तालुक्यांतले वाद कुठून येतात ते बघा. नीरा डाव्या कालव्याने इथली जमीन बागायती केली, पुढे उजनीच्या पाण्याने इंदापूरची भीमाकाठची शिवारं बदलली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी अशी साखर कारखान्यांची रांग उभी राहिली. अलीकडे पाटस, बारामती, इंदापूर असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी झाला आणि रस्त्याकडेच्या जमिनींच्या भूसंपादनाचे प्रश्न आले. जमिनीला भाव आला की बांधाला धार येते. इथल्या न्यायालयांत, प्रांत कार्यालयांत आणि तहसील कचेरीत जे वाद येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी जमीन, पाणी, ऊस आणि भाऊबंदकी यांपैकी काहीतरी असतं.

या प्रत्येक वादाला दिवसांचा एक आकडा चिकटलेला आहे. फेरफाराची नोंद धरल्यावर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, संबंधितांना नोटीस देतात. हरकत घ्यायची तर 15 दिवसांत. जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे ही हरकत तोंडीसुद्धा घेता येते आणि तिची लेखी पोच द्यावी लागते, हे किती जणांना ठाऊक असतं? नोंद मंजूर झाली आणि ती मान्य नसेल तर प्रांताकडे अपील 60 दिवसांत. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा, 1906 खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेण्याची अधिसूचना निघाली की हरकतीला 21 दिवस. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, ते दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. ऊस तोडून नेल्यापासून 14 दिवसांत बिल मिळालं पाहिजे. त्यापुढे 15 टक्के व्याज लागतं, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच लिहिलेलं आहे.

यातला एकही आकडा गुपित नाही. पण पक्षकार वकिलाच्या दारात येतो तो बहुधा आकडा उलटून गेल्यावर. नोटीस आलेली असते. ती देवळीत, नाहीतर पासबुकाच्या पिशवीत पडून असते. थोरल्यांनी ‘बघू सुगी झाल्यावर’ म्हटलेलं असतं. मग ‘विलंब माफीचा अर्ज’ नावाचा कागद तयार होतो आणि मूळ वादाआधी उशिराचाच वाद एक-दोन वर्षं चालतो. तालुक्याच्या कुठल्याही वकिलाला विचारा, त्याच्या टेबलावर असा अर्ज सापडेलच. ऐन 15 दिवसांत ज्याला काही सांगायला हवं होतं, तो त्या वेळी वकिलापर्यंत आलेलाच नसतो. मग वकिलाचा आवाज त्याच्यापर्यंत आधी का पोचू नये?

बोलायची परवानगी

इथे कुठलाही ज्येष्ठ वकील पहिला प्रश्न विचारेल : हे चालतं का? आपल्याकडे वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला नियम 36 त्याबाबत कडक आहे. परिपत्रकं, जाहिराती, दलाल, वर्तमानपत्रांत स्वतःवर मजकूर छापून आणणं, हे सगळं बंद. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. आपण बार कौन्सिलचे सदस्य होतो किंवा अमुक प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत, हेही तिच्यावर लिहायचं नाही. 2008 मध्ये दुरुस्ती झाली आणि वकिलाला संकेतस्थळ ठेवायची मुभा मिळाली. तीही नाव, पत्ता, फोन, सनदेचा क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढीच ठरावीक माहिती देण्यापुरती.

या कडकपणाला महाराष्ट्रातलाच एक संदर्भ आहे. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांबाहेर काही वकील पक्षकार दिसला की धावून जात, एकमेकांच्या हातून कागद ओढून घेत. महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध एम. व्ही. दाभोळकर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली अशा वागण्यावर कठोर ताशेरे ओढले. वकिली हा बाजारातला धंदा नाही, असं न्या. कृष्ण अय्यर यांनी ठणकावलं. दोनच वर्षांनी, 1977 मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेट्स खटल्यात वकिलांच्या जाहिरातीला मोकळीक दिली आणि तिकडे हमरस्त्यांवर वकिलांचे फलक लागले. आपण त्या वाटेने गेलो नाही. उलट 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची यादी लावून पक्षकार मिळवून देणाऱ्या ऑनलाइन सेवांविरुद्ध पावलं उचलायला सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने समाजमाध्यमांतून, अभिनेते आणि इन्फ्लुएन्सर यांच्यामार्फत होणाऱ्या जाहिरातींवर पुन्हा बोट ठेवलं.

एवढं वाचून माइक बाजूला ठेवावासा वाटेल. पण त्याच नियमावलीत पंधरा घरं पुढे नियम 51 आहे. वकिलाला कायद्याच्या पुस्तकांचं संपादन करता येतं, विद्यार्थ्यांना शिकवता येतं आणि जाहिरातबंदी व पूर्णवेळ नोकरीबंदी पाळून प्रसारण, पत्रकारिता, व्याख्यानं आणि अध्यापन करता येतं; विषय कायद्याचा असो वा नसो, असं तो सांगतो. नियमात प्रसारण हा शब्दच आहे. पॉडकास्ट हे प्रसारणाचंच आजचं रूप. पत्रकारितेच्या बाबतीत मात्र सावध असलेलं बरं : 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका वकिलाच्या मुक्त पत्रकारितेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा दोन्ही व्यवसाय एकत्र करता येत नाहीत, अशी भूमिका बार कौन्सिलने घेतली. म्हणून वकिलाने बातमीदारीच्या वाटेला न जाता समजावून सांगण्याच्या कामावर राहावं.

36 आणि 51 एकत्र वाचले की पॉडकास्टचा आराखडा आपोआप तयार होतो. स्वतःविषयी बोलायचं नाही, जिंकलेले खटले सांगायचे नाहीत, शेवटी आपला फोन नंबर द्यायचा नाही. मग उरतं काय? कायदा आणि ऐकणारा. स्वतःला विकता येत नाही, म्हणून समजावण्यावाचून इलाज उरत नाही. जाहिरातबंदी ही या कामातली धोंड वाटते खरी, पण ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो तिच्यामुळेच.

कानाने शिकलेला मुलूख

व्हिडिओ का नको, असं तरुण वकील विचारतील. हवा असेल त्याने करावा. पण रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देणारा माणूस पडद्याकडे बघत नाही. त्याच्या कानात गाणी, भजनं, गप्पा चालू असतात. गोठ्यातलं आणि चुलीपुढचं काम करणाऱ्या बाईचे हात मोकळे नसतात, कान असतात. सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’, विनायक पाचलग यांचं ‘थिंक बँक’ यांनी तासभराची मराठी गप्पासुद्धा लोक ऐकतात हे दाखवून दिलं आहे.

बारामतीला तर आवाजाची सवय जुनी आहे. मोरोपंत याच गावचे. त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या तोंडून घरोघर गेल्या. आज गावात दोन सामुदायिक रेडिओ आहेत : विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ 90.4 वर आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ 90.8 वर. सामुदायिक रेडिओचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटरच्या आतलाच असतो, म्हणजे इंदापूर तालुक्याचा मोठा भाग बाहेर राहतो. ती कसर पॉडकास्ट भरून काढू शकतो : तोच कार्यक्रम रेडिओवर एकदा लागेल आणि फोनवर कधीही ऐकता येईल. रेडिओकडे ध्वनिमुद्रणाची खोली आहे, विद्या प्रतिष्ठानकडेच विधी महाविद्यालय आहे, तालुका पातळीवर विधी सेवा समिती आहे. सगळी मंडळी आपापल्या जागी आहेत, त्यांना एका टेबलाशी बसवायचं काम वकील संघाचं.

एक भाग

लागतं काय? फोन, कॉलरला लावायचा साधा माइक आणि एक शांत तास. वकिलाचं ऑफिस त्यासाठी बऱ्यापैकी सोयीचं : भिंतभर पुस्तकं आणि कापडात बांधलेल्या फायलींचे गठ्ठे आवाज घुमू देत नाहीत. पंखा बंद, टेबलावरच्या काचेवर जाड टॉवेल, दार लावलेलं, दिवस रविवारचा. काटछाट करायला ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. भाग दहा मिनिटांपेक्षा मोठा नको; दहा मिनिटांत हजार-बाराशे शब्द मावतात आणि एका विषयाला तेवढे पुष्कळ झाले. 64 केबीपीएसवर दहा मिनिटांची फाइल पाच एमबीच्या आत बसते, म्हणजे व्हॉट्सॲपवरून गावोगावच्या ग्रुपांत सहज फिरते. स्पॉटिफाय, यूट्यूब आहेतच. पण तालुक्यात खरा प्रवास व्हॉट्सॲपवरूनच होणार.

आता मजकूर. पुस्तकी वकील सुरुवात करेल : ‘हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये 2005 साली झालेल्या दुरुस्तीनुसार…’ इथे बोट फोन बंद करायला जातं. त्याऐवजी ज्युनिअर वकिलाने ऐकणाऱ्याच्या बाजूने बसावं आणि विचारावं :

‘वकीलसाहेब, वडील गेले. दादा म्हणतो, ये आणि नुसती एक सही करून जा, बाकीचं आम्ही बघतो. करू का?’

‘ताई, सही कुठल्या कागदावर, ते आधी बघा. वारसनोंदीचा अर्ज असेल तर त्यात सगळ्या वारसांची नावं आहेत का, तुमचं आहे का, ते वाचा. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात नेत असतील तर तो हक्कसोडपत्राचा दस्त असू शकतो. त्याच्यावर सही झाली की तुमचा वाटा गेला. सोडायचा असेल तर राजीखुशीने सोडा, पण काय सोडताय ते कळून सोडा.’

मग हळूच कायदा आणावा : महाराष्ट्राने 1994 सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला होता, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या, 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर मुलगी मुलाइतकीच सहहिस्सेदार झाली, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. कीर्तनात निरूपण आधी आणि आख्यान नंतर असतं. इथे क्रम उलटा ठेवला की तोच श्रोता शेवटपर्यंत बसतो.

भागाची सांगता दोन गोष्टींनी करावी. एक, भाग कुठल्या तारखेला मुद्रित केला ते. 1 जुलै 2024 ला फौजदारी कायदे बदलले तेव्हा जुनी कलमं सांगणाऱ्या कितीतरी ध्वनिफिती एका रात्रीत शिळ्या झाल्या. दुसरी, पुढे कुठे जायचं ते. वकिलाने स्वतःचा नंबर द्यायचा नाही, पण विधी सेवेचा 15100 हा नंबर जरूर द्यावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सधन घरातल्या, पण हातात पैसा नसलेल्या लेकीसुनेला हे कळणं म्हणजे निम्मं काम झालं.

सगळेच पाहुणे

तालुक्याच्या पॉडकास्टचे धोके मुंबई-दिल्लीपेक्षा वेगळे असतात. शहरात नाव बदललं की माणूस लपतो. इथे ‘निमगावच्या एका सुनेचा पोटगीचा दावा’ एवढं म्हणा, संध्याकाळपर्यंत पारावर नाव निघतं. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं उघड करायला भारतीय साक्ष अधिनियम, 2023 चं कलम 132 वकिलाला मनाई करतं. म्हणून नावं बदलून भागणार नाही, गोष्टच बदलावी लागेल : गाव, नातं, पीक, साल, सगळं. त्यापेक्षा प्रसंग पूर्ण कल्पित ठेवावा आणि तसं सुरुवातीलाच सांगावं. चालू खटल्यांवर बोलू नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख पटेल असं काहीही बोलणं हा गुन्हाच आहे. 2014 साली अमेरिकेत ‘सीरियल’ या पॉडकास्टने एका खुनाच्या खटल्याची उलटतपासणी केली आणि जग कान देऊन बसलं; पण ते काम पत्रकारांचं होतं. सनदधारकाने तो मोह धरू नये.

दुसरी अडचण हितसंबंधांची. ज्या वकिलाकडे कारखान्याचं किंवा बँकेचं काम आहे, त्याने ऊसबिलाच्या किंवा कर्जवसुलीच्या भागात बोलू नये. प्रायोजक घेऊ नये. बिल्डरच्या जाहिरातीनंतर भूसंपादनाचा मोबदला समजावून सांगितला तर कोण विश्वास ठेवील? आणि हा मुलूख राजकारणाचा आहे. निवडणुकीच्या हंगामात बोलणारा कुठल्या गटाचा, हेच आधी बघितलं जातं. एकट्या वकिलाने पॉडकास्ट काढला तर हा शिक्का टाळणं कठीण. तीन-चार वकिलांनी, त्यांत किमान एक-दोन महिला, आलटून पालटून बोलायचं ठरवलं तर कार्यक्रम कुणा एकाचा राहत नाही. नियम 36 च्या दृष्टीनेही ते सुरक्षित.

तिसरं, श्रोत्यांचे प्रश्न. ‘माझा गट नंबर अमुक, काय करू?’ असे निरोप येणारच. त्यांना वैयक्तिक उत्तर देणं म्हणजे कागद न बघता सल्ला देणं. दहा जणांचा सारखा प्रश्न दिसला की त्यावर एक सर्वसाधारण भाग करावा. बाकीच्यांना विधी सेवा समितीची वाट दाखवावी.

वकिलाच्या पदरात काय

फुकटची हमाली कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. ज्युनिअर वकिलाच्या बाजूने बघा. सनद मिळाल्यावरची पहिली काही वर्षं तारखा मागण्यात आणि नकला आणण्यात जातात. त्याला दर पंधरवड्याला एक विषय इतका तयार करावा लागला, की आपल्या आजीला दहा मिनिटांत समजेल, तर वर्षभरात पंचवीस विषय त्याच्या जिभेवर येतात. मामलेदार कोर्टाचं कलम 5 आणि महसूल संहितेचं कलम 143 यांतला फरक त्याला पुन्हा पुस्तकात शोधावा लागत नाही : आधीचा रस्ता अडवला तर पहिलं, बांधावरून नवा रस्ता मागायचा तर दुसरं. समोरच्या फळीतले ज्येष्ठ ऐकत असतात, चुकलं तर दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये कान उपटतात. पुढच्या भागात ती चूक कबूल करून दुरुस्त करायची हिंमत असेल तर त्याच्यासारखी शाळा नाही.

मुरलेल्या वकिलालाही फायदा आहे. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे पक्षकाराने आधीच ऐकलेलं असेल तर ऑफिसातला अर्धा तास वाचतो. फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हे वाक्य रोज नव्याने सांगावं लागत नाही. आणि 1879 च्या कायद्याने वकिलाकडे ज्या संशयाने पाहिलं, तो अजून पुरता गेलेला नाही. ‘वकील भांडण लांबवतो’ ही समजूत भाषणांनी जात नाही. भांडण होण्याआधी वकिलाने पंधरा दिवसांची आठवण दिली, तर मात्र तिला तडा जाईल.

9 नोव्हेंबर हा राष्ट्रीय विधी सेवा दिन, बहुधा दिवाळीच्या मागेपुढेच येणारा. बारामती आणि इंदापूरच्या वकील संघांनी मिळून त्या दिवशी पहिला भाग सोडावा आणि तो फेरफाराच्या नोटिशीवर असावा. किती जणांनी ऐकलं, किती लाइक पडले, याचा हिशेब ठेवूच नये. हिशेब ठेवायचा तो विलंब माफीच्या अर्जांचा. तालुक्यात ते कमी होत गेले आणि नोटीस घेऊन माणूस दहाव्या दिवशीच दारात येऊ लागला, तर पॉडकास्ट चालला. तो माणूस कुठल्या वकिलाच्या दारात गेला, हे विचारायचं कारण नाही.